कुरूप गाड्यांचे लाड

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कुर्ल्याच्या मोटार कारखान्यातून १९५४ च्या सुमारास एक फियाट बाहेर पडू लागली. इटलीतल्या मूळ कारखानदारांनी तिचे नाव 'मिलेचेंतो' असे ठेवले होते. त्याचा अर्थ 'अकराशे', कारण इंजिनाचा आकडा त्याच्या आसपासचा होता. आपल्याकडच्या लोकांना हे नाव उच्चारायला अवघड गेले असावे, किंवा ते उच्चारण्याची त्यांना गरजच वाटली नसावी. तिची फुगीर पाठ, बोथट नाक आणि बसकी ठेवण पाहून मराठी माणसाने तिला सरळ 'डुक्कर' म्हणून टाकले. पुढची दारे उलट्या बाजूला उघडत, त्यामुळे आत शिरताना आणि उतरताना माणसाची तारांबळ उडे ती वेगळीच. आजही जुन्या मोटारींचे शौकीन 'डुक्कर फियाट' हाच शब्द वापरतात. ज्याच्याकडे ती आहे तो मनुष्य 'माझ्याकडे डुक्कर आहे' हे वाक्य अशा थाटात सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावे याच्या दाराशी हत्ती झुलतो आहे.

मला या नावाचे फार कुतूहल आहे. ज्या वस्तूसाठी माणसाने आयुष्याची पुंजी मोजली, जिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली, तिला त्याने डुक्कर का म्हणावे?

आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. पहिले बारशाला होते, दुसरे जन्मभर चालते. पण आपल्या खेड्यापाड्यांतल्या आयाबायांनी ही दोन्ही कामे एकाच वेळी उरकण्याची युक्ती फार पूर्वीच शोधून काढली होती. ज्या घरी मुले जगत नसत, तिथे नवसाने झालेल्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरबा असे ठेवीत. पोर दृष्ट लागण्यासारखे असेल तर ते मुद्दाम 'कुरूप' ठरवायचे, म्हणजे काळाचे लक्ष त्याच्याकडे जाणार नाही. गालावर काजळाचा टिळा लावण्यामागेही हाच विचार. मराठी माणसाने मोटारीला डुक्कर म्हटले त्यात या जुन्या सवयीचा अंश असावा, असे मला वाटते. आपल्या राज्याची एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी प्रथम धावली. तिला आपण पुढे 'लाल डबा' म्हणू लागलो. हा शब्द तोंडात असलेला माणूस, आपल्या गावची फेरी बंद झाली की तहसील कचेरीवर मोर्चा घेऊन जातो, हेही आपण पाहिले आहे.

कारखानदाराने दिलेले नाव लोकांनी तसेच स्वीकारले, असेही कधी घडते. पण तिथेही लोक त्या नावाचे आपल्या सोयीने काहीतरी करतात. फिरोदियांच्या बजाज टेंपो कंपनीने १९५८ नंतर जर्मन बनावटीचे एक तीनचाकी वाहन आपल्याकडे आणले. पुढे एकच चाक, त्यावर नाकाडासारखे टोपण आणि मागे सामानाचा हौदा. बेडूक दबा धरून बसावा तसे ते दिसे. त्याचे 'हॅन्सीट' हे नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही. राहिले ते 'टेंपो'. आज चार चाकांचा असो की सहा, कोणत्याही कंपनीचा असो, माल वाहणारे लहान वाहन दिसले की आपण त्याला टेंपो म्हणतो. त्याच कंपनीच्या 'मॅटाडोर'चेही आपल्या विदर्भात असेच झाले. स्पेनमध्ये बैलांशी झुंजणाऱ्या वीराचे ते नाव. आपल्याकडे ते कापसाच्या गाठी, लग्नाचे वऱ्हाड आणि प्रसंगी बैलसुद्धा वाहून नेणाऱ्या एका चौकोनी पेटाऱ्याचे नाव झाले. उलट, पुण्याच्या कारखान्यातून १९९४ साली आलेली 'सुमो' ही जपानी पैलवानांच्या नावाने ओळखली जाते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते नाव टेल्को घडविणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातली अक्षरे जोडून केलेले आहे. मुळगावकरांसारख्या रसिक माणसाच्या स्मरणार्थ काढलेली गाडी इतकी पेटीसारखी का असावी, हा प्रश्न मात्र मला नेहमी पडतो. असो.

आता कुरूप म्हणजे काय, याचाही थोडा विचार केला पाहिजे. बहुतेक 'कुरूप' गाड्यांच्या कुरूपतेला सबळ कारण असते आणि ते कारण कळले की नजर निवळते. जीपचेच उदाहरण घ्या. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडे जीप जोडायला सुरुवात केली. पुढे जी जीप आपल्या सरकारी खात्यांनी, साखर कारखान्यांनी आणि निवडणुकीच्या उमेदवारांनी वापरून वापरून खिळखिळी केली, तिचे बॉनेट विचित्र उंच होते. कपाळ मोठे आणि डोळे खाली, असे तिचे तोंड दिसे. हे कोणा चित्रकाराच्या चुकीने झालेले नव्हते. अमेरिकेत त्या जीपसाठी नवे इंजिन घेतले, ते जुन्यापेक्षा उंच निघाले, आणि ते आत मावावे म्हणून झाकण वर उचलले; बस्स, एवढेच. ज्या माणसाने त्या बॉनेटवर बसून उमेदवाराची मिरवणूक पाहिली आहे, त्याला ते कपाळ कुरूप वाटणे शक्य नाही.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९४८ मध्ये एक मोटार लोकांपुढे आणली. ती बनविणाऱ्यांना मालकाने घातलेली अट अशी होती की, दोन शेतकरी आणि बटाट्याचे पोते घेऊन ती चालली पाहिजे आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतले अंडे फुटता कामा नये. अशा अटीतून जी वस्तू निर्माण झाली ती पत्र्याच्या छपरीसारखी दिसत होती. हॉलंडच्या लोकांनी तिला 'कुरूप बदक' म्हटले आणि ती १९९० पर्यंत निघत राहिली. जर्मनीच्या फोक्सवॅगनला तर लोकांनी 'भुंगेरा' म्हटले. तशा दोन कोटींहून अधिक गाड्या जगात विकल्या गेल्या. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा या कंपनीने अमेरिकेत एक जाहिरात दिली. तिच्यात मोटारीचे चित्रच नव्हते. चंद्रावर उतरलेल्या त्या वेड्यावाकड्या यानाचे चित्र होते आणि खाली मजकूर होता त्याचा आशय असा : दिसायला कुरूप आहे, पण पोहोचवते.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे नंतरचे कौतुक आहे. आपल्या देशात लोकांना निवड होतीच कुठे? परमिटच्या त्या काळात घ्यायची तर अँबेसेडर, नाहीतर फियाट. क्वचित मद्रासची स्टँडर्ड. नंबर लावून बसायचे आणि मिळेल त्या रंगाची गाडी देवाचा प्रसाद म्हणून घ्यायची. जिथे दुसरे स्थळच येत नाही, तिथे पदरी पडले आणि पवित्र झाले, यात प्रेम कसले?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याचे उत्तर मला पूर्व जर्मनीच्या एका गाडीत सापडते. 'ट्राबांट' तिचे नाव. १९५७ ते १९९१ या काळात तशा सुमारे तीस लाख गाड्या निघाल्या. आपल्या कापूसपट्ट्यातल्या वाचकांना ऐकून मौज वाटेल, की तिचे अंग पोलादी पत्र्याचे नव्हते. पोलादाची टंचाई होती, म्हणून कापसाचा टाकाऊ भाग राळेत घालून, दाबून त्याचे तक्ते करीत आणि ते लोखंडी सांगाड्यावर बसवीत. इंजिन स्कूटरसारखे दोन फेऱ्यांचे, निळा धूर सोडणारे. बहुतेक गाड्यांत पेट्रोल किती उरले हे दाखविणारा काटा नसे, टाकीत काठी बुडवून पाहावे लागे. आणि एवढ्यासाठी दहा दहा वर्षे थांबावे लागे. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली तेव्हा लोक याच गाड्यांत बसून पश्चिमेकडे गेले आणि तिकडच्या जुन्या पण चांगल्या मोटारी मिळू लागताच ट्राबांट रस्त्याच्या कडेला सोडून मोकळे झाले. म्हणजे सक्तीचे प्रेम सक्ती संपताच संपले. पण कथा इथे थांबत नाही. काही वर्षांनी तिचीच मंडळे निघाली, मेळावे भरू लागले, लोक त्या गाड्या शोधून काढून दुरुस्त करू लागले. आता तर कोणाचीच सक्ती नव्हती, उलट समोर शंभर चांगल्या गाड्या होत्या. तेव्हा जे परत आले, ते काय होते?

माझ्या मते ते ओळखीचे प्रेम होते, आणि त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : खोड.

दोष आणि खोड यांत फरक आहे. बैलबाजारात गेलेल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. बैल लंगडा असेल तर तो दोष; पण एखादा बैल पाण्यात पाय घालायला तयार होत नाही, एखादा डाव्या बाजूलाच जुंपला तर चालतो, एखादा अनोळखी माणसावर शिंग उगारतो, या खोडी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे आपण म्हणतो, पण ज्याच्या दावणीला तो बैल दहा वर्षे उभा आहे त्याला ती खोड जावी असे वाटतही नाही. ती फक्त त्याला माहीत असते. दुसऱ्याने तो बैल जुंपून पाहावा आणि फजीत व्हावे, यात त्याला एक प्रकारचा मालकीचा आनंद असतो.

जुन्या फियाटला आणि अँबेसेडरला अशा खोडी पोटभर होत्या. विदर्भाच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, चालती गाडी एकाएकी बंद पडे. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून बसविलेला, त्यामुळे तो तापून आतल्या पेट्रोलची वाफ होई आणि वाफ काही पुढे ढकलता येत नसे. अशा वेळी जाणता ड्रायव्हर घाबरत नसे. तो उतरे, बॉनेट उघडे, सीटखालचे फडके काढून पाण्यात भिजवी आणि तापलेल्या माणसाच्या कपाळावर घडी ठेवावी तशी ती पंपावर ठेवी. मंडळी बाभळीच्या सावलीत बसत, कोणी पानाचा डबा काढी आणि दहा मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू होई. थंडीत चोक किती ओढायचा, उतारावर कोणत्या गिअरमध्ये सोडून धक्का द्यायचा, दार लावताना ते आधी किंचित वर उचलायचे, हे सगळे ज्याचे त्याला ठाऊक असे. अँबेसेडरबद्दल तर लोक म्हणत, की हॉर्न सोडून तिचे सगळे वाजते. हा विनोद करणारे बहुतेक तिच्यातच बसलेले असत.

यातून एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्या गाड्या पूर्ण नव्हत्या, म्हणून त्यांच्यात माणसाच्या हाताला जागा होती. मेहकर, चिखली, जालना या गावांतल्या गॅरेजांत न शिकलेली पोरे पाने-स्क्रू उचलता उचलता मिस्त्री झाली, ती या गाड्यांच्या अंगावर. गाडीने खोडी काढायची आणि मिस्त्रीने ती ओळखायची, हा एक प्रकारचा संवादच होता. आजच्या गाड्या बिघडत नाहीत असे नाही, पण बिघडल्या की दिवा लावून गप्प बसतात. त्यांना बोलते करण्यासाठी कंपनीचे यंत्र लागते, आणि ते यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी असते. मी नव्या गाड्यांच्या विरुद्ध मुळीच नाही. त्या कमी धूर सोडतात, अपघातात माणसाला वाचवतात, कमी पेट्रोलमध्ये जास्त चालतात. परंतु त्यांच्याविषयी गावाला काही ठाऊक नसते, आणि ठाऊक नसलेल्या वस्तूला टोपणनाव पडत नाही.

आपल्या तालुक्यातील वाचकांपुढे खोडीचे समर्थन करण्याची फारशी गरज पडू नये. जगाच्या पाठीवर आपली कीर्ती आहे ती एका पोचेमुळेच! आकाशातून एक दगड येऊन काळ्या खडकावर आदळला आणि लोणारला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. डेंटिंगवाल्याला दाखवला असता तर त्याने हातोडी घेऊन तो बाहेर काढायचा प्रयत्न केला असता. आपण मात्र त्याच्या काठाने देवळे बांधली, आणि २०२० साली रामसर यादीत त्याचे नाव लागले तेव्हा पेढे वाटण्याइतका आनंद मानला.

इथपर्यंत लिहिले ते सगळे गोड आहे, आणि या विषयावर बोलणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. मला थांबता येत नाही, कारण मी बीबीला राहतो. मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आपले गाव. इथल्या माणसाच्या आयुष्यात डुक्कर फियाट कधी आली नाही. अँबेसेडर आली ती साहेबांची, पांढरी, पडदे लावलेली, धूळ उडवून पुढे गेलेली. आपल्या वाट्याला आली ती काळी-पिवळी.

तिचे वर्णन बाहेरच्या वाचकांसाठी करतो. इथल्यांना ते पाठ आहे. मूळ अंग जीपच्या जातीचे, महिंद्रचे नाहीतर ट्रॅक्सचे, रंग टॅक्सीचा. पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या बाजूला दोन 'मानाच्या' सवाऱ्या. मधे एक आडवी सीट. मागे समोरासमोर दोन लांब बाकडी आणि त्याच्याही मागे पायरी, जिच्यावर पाय ठेवून आणि टपाचा दांडा धरून तरुण मंडळी लटकतात. परमिटावर जितक्या माणसांचा आकडा असतो, तितकी माणसे भरल्यावर ड्रायव्हरला गाडी निम्मी रिकामी दिसू लागते. 'सरका न बाप्पा थोडं, एकच सवारी हाय,' असे म्हणत तो आणखी तिघांना चढवतो. शेवटी त्याच्या स्वतःच्याच सीटवर दोघे बसतात आणि तो अर्धा बाहेर लोंबकळत, एका हाताने स्टिअरिंग सांभाळत गाडी हाकतो. गिअरचा दांडा कोणाच्या तरी गुडघ्यांच्या मधे येतो. धूळ, धूर, कोंबड्या, खताची पिशवी, दवाखान्यात निघालेली बाळंतीण, सगळे एकत्र.

या काळ्या-पिवळीवरही लोकांचे प्रेम आहे, आणि ते खोटे नाही. जिथे एस. टी. येत नाही तिथे ती येते. हात दाखवाल तिथे थांबते, सुटे नसतील तर 'उद्या द्या' म्हणते. रात्री-अपरात्री कोणाला साप चावला तर ड्रायव्हरला झोपेतून उठवावे आणि त्याने लुंगीवरच निघावे, हे आपल्या भागात नवलाचे नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एस. टी.चा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत लाल डबा जवळजवळ दिसेनासा झाला, त्या सहा महिन्यांत हा सारा मुलूख अशाच गाड्यांनी ओढला. परीक्षेला जाणारी पोरे, बाजाराला जाणाऱ्या बाया, सगळ्यांना तिनेच नेले. तेव्हा तिच्याविषयी वाईट बोलताना जीभ अडखळते.

तरीही बोलले पाहिजे. कारण कुरूप गाडीचे कौतुक करणारा माणूस कोणत्या सीटवर बसला होता, यावर त्या कौतुकाची किंमत ठरते. काळ्या-पिवळीच्या गमतीजमती मोठ्या रसाळपणे सांगणारे जे कोणी मला भेटले, ते बहुतेक पुढच्या सीटवरचे, किंवा पायरीवर हौसेने लटकलेले तरुण. मागच्या बाकड्यावर, चौघांच्या जागेत सहा, अशा दाटीत कोपरे अंगाशी घट्ट आवळून, दप्तर छातीशी धरून कॉलेजात येणाऱ्या मुलींना मी याबद्दल विचारले आहे. त्यांपैकी एकीलाही त्या गाडीत रम्य काही दिसले नाही. शेजारच्या परक्या पुरुषाचा धक्का गाडीचा की माणसाचा, हे ओळखण्याची विद्या त्या रोज शिकत असतात. घरी सांगितले तर शिक्षण बंद होईल म्हणून त्या बोलत नाहीत. मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा ज्या मार्गांवर एस. टी. आहे तिथे काळ्या-पिवळीतल्या बाया भराभर कमी झाल्या. पैसे वाचले हे खरेच, पण तेवढेच कारण होते असे मला वाटत नाही.

आणि गाडी उलटली तर? पायरीवरचा पहिला जातो, टपावरचा दुसरा. पुढच्या सीटवरचा बहुधा हात मोडण्यावर निभावतो. मग वर्तमानपत्रात चार ओळी येतात, दोन दिवस पोलीस काठी घेऊन उभे राहतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा 'एकच सवारी हाय'.

म्हणून खोड आणि दोष यांतला जो भेद बैलबाजारात चालतो, तो गाडीलाही लावला पाहिजे. पंपावर ओले फडके ठेवावे लागणे ही खोड. तिचा त्रास मालकाला होतो आणि तो हसत सोसतो. ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नाहीत, ही खोड म्हणता येणार नाही. त्याची किंमत रस्त्यात आडवे आलेले पोर देते. ट्राबांटचा निळा धूर तिच्या शौकिनांना आज अत्तरासारखा वाटत असेल, पण ज्या गल्लीत तशा शंभर गाड्या सकाळी सुरू होत, तिथल्या दमेकऱ्यांना विचारले पाहिजे. आपल्याकडच्या डुक्कर फियाटमध्ये आणि जुन्या अँबेसेडरमध्ये पट्टे नव्हते, पुढच्या काचेवर डोके आपटले तर आपटले. त्या आठवणी सांगायला जे उरले, तेच आपल्याला आठवणी सांगतात.

दुसरी एक गोष्ट मला कोड्यात टाकते. कुरूप गाडीला आपण पदरात घेतो, खोडकर गाडीला घेतो, मग 'नॅनो'ला का घेतले नाही? जानेवारी २००८ मध्ये रतन टाटांनी ती जगापुढे आणली. स्कूटरवर नवरा-बायको-मुले अशी कसरत करत पावसात निघालेले कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे ते सांगत. एक लाखात चार चाके आणि डोक्यावर छप्पर. दिसायला ती डुकरापेक्षा नक्कीच बरी होती. काही गाड्यांना आगी लागल्या हे खरे, पण खप बसला त्याचे ते एकमेव कारण नव्हे. २०१८ साली ती जवळजवळ बंदच झाली. 'सर्वांत स्वस्त' म्हणून तिचा गवगवा झाला ही चूक होती, असे खुद्द टाटांनीच पुढे म्हटले. मला यात आपल्या समाजाचा चेहरा दिसतो. आपण कुरूपाला हसत हसत नाव देऊन घरात घेतो, पण गरिबाला नाही. दारात डुक्कर उभे असले तर शेजारी म्हणतात, हौशी माणूस आहे. नॅनो उभी असली तर म्हणतात, एवढीच झेपली वाटते. लग्न ठरविताना हुंड्यात 'चारचाकी' मागणाऱ्या आपल्या भागातल्या मंडळींनी 'नॅनो नको' असे स्पष्ट बजावल्याचे किस्से मी ऐकले आहेत. मागणाऱ्याला लाज नाही, आणि वस्तूच्या स्वस्तपणाची मात्र लाज!

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांची तर याहून वेगळी तऱ्हा. फार शाळा न शिकलेल्या या माणसाने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःच्या डोक्याने लहान मोटारी बनवल्या. 'मीरा' त्यांचे नाव. एकामागून एक नमुने केले, सुधारले, रस्त्यावर चालवून दाखवले. १९७० च्या दशकापर्यंत हा उद्योग चालू होता आणि बारा हजारांच्या आसपास किमतीत ती देता येईल असा त्यांचा हिशेब होता. परवानग्यांच्या आणि भांडवलाच्या फेऱ्यात ती कारखान्यापर्यंत पोहोचलीच नाही. तिचे फोटो पाहिले की कळते, रूपाने तीही काही अप्सरा नव्हती. बुटकी, गोल, खेळण्यासारखी. ती गावोगाव धावली असती तर मराठी माणसाने तिला नक्की काहीतरी शेलके नाव दिले असते, तिच्या खोडींवर मिस्त्री घडले असते. एखाद्या मुलुखाच्या हातून निसटलेल्या गोष्टींत मी हीही धरतो.

आता जमाना पालटला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. तो आपल्या जिल्ह्यातून जातो. त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला मज्जाव आहे. तिथे धावणाऱ्या गाड्या सगळ्या सुंदर, काचा बंद, एकीसारखी दुसरी. जुन्या रस्त्यावर मात्र अजून काही काळ्या-पिवळ्या दिसतात. मुंबईत पद्मिनी टॅक्सी संपल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. लोक हळहळले, फोटो काढले, निदान एक तरी पद्मिनी शहरात जपून ठेवावी अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली. मागणी रास्त आहे.

मग आपल्याकडची एक काळी-पिवळीही जपावी, अशी माझी सूचना आहे. पण ती रंगवून, पत्रा ठोकून, गुळगुळीत करून काचेआड ठेवू नये. मागची पायरी आहे तशी ठेवावी, बाकड्यांचा फाटका रेक्झिनही तसाच. पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना पुढच्या सीटवर बसू देऊ नये. मागे, चौघांच्या जागेत सहा बसवावे, दार नसलेल्या बाजूला एखाद्या पाहुण्याच्या मुलीला बसवावे आणि मेहकरपर्यंत एक फेरी मारून आणावे. उतरल्यावर ज्यांना ती गाडी तरीही आवडली असेल, त्यांच्याशी या विषयावर पुढे बोलायला मला आवडेल.